ऑनलाइन बाजारातली पत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत आपल्या आवारातली झाडं वाढली, मुलं वाढली आणि घरगुती उद्योगही वाढले. आज आपल्यात आंबापोळी-फणसपोळी करणाऱ्या भगिनी आहेत, मसाले आणि आगळ विकणारे आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत आणि पावस-गणेशगुळ्याकडे आंब्याची बाग असलेलेही आहेत. म्हणून समितीने मला विषय दिला, 'छोट्या उद्योजकांसाठी ऑनलाइन मार्केटिंगची तोंडओळख'. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. माझं आयुष्य बँकेत गेलं. पण हा विषय शिकायला घेतला तेव्हा लक्षात आलं, की हा तर आमच्याच खात्यातला विषय आहे!

कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन गोष्टी बघायचो. माणूस कोण आहे? धंदा खरा आहे का? आणि दिलेला शब्द पाळील का? यालाच पत म्हणतात. ऑनलाइन ग्राहकसुद्धा नेमकं हेच बघतो. पुण्यात बसलेला माणूस तुम्हाला ओळखत नाही, तुमची आंबापोळी त्याने चाखलेली नाही आणि पैसे मात्र आधी पाठवायचे आहेत. म्हणजे तो तुम्हाला बिनतारणाचं कर्जच देतोय म्हणा ना! त्याच्या या तीन प्रश्नांची उत्तरं त्याने विचारण्याआधी देणं, म्हणजे ऑनलाइन मार्केटिंग. बाकी सगळी साधनं.

आता हे आपल्यासाठी का महत्त्वाचं, ते सांगतो. आपल्या गावाचं नाव देशभर चालतं. 'रत्नागिरी हापूस' असं लिहिलेली पेटी कुठेही खपते, आणि म्हणूनच परप्रांतातला आंबाही आपल्या नावाने सर्रास विकला जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला आंबाच 'हापूस' या नावाने विकता येतो. पण कायदा कागदावर असतो आणि ग्राहक मोबाईलवर असतो. तो मोबाईलवर शोधतो तेव्हा खऱ्या बागायतदाराचं नाव तिथे नसेल, तर जो असेल त्याच्याकडून तो घेणार. खरा माल असलेल्याने गप्प बसायचं आणि नाव दुसऱ्याने वापरायचं, असं चाललंय. नुकसान नुसतं एका पेटीचं होत नाही, भावच पडतो.

दुसरी गोष्ट भावाची. पेटी वाशीच्या मार्केटला गेली की भाव तिथे ठरतो. हमाली, तोलाई, दलाली वजा होऊन पट्टी येते, ती आपण वाचायची. त्यात मोहोराच्या वेळी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असेल, तर माल दुसरीकडे देण्याची सोयही उरत नाही. पीक कर्जाच्या फायली बघताना हे चक्र मी जवळून पाहिलं आहे. मी असं म्हणत नाही की वाशी सोडा. शंभर पेट्यांतल्या नव्वद वाशीलाच जातील, जाऊ देत. पण दहा पेट्या आपल्या नावाने, आपण सांगितलेल्या भावाने थेट घरात गेल्या, तर पुढच्या वर्षी व्यापाऱ्याशी बोलताना आपला आवाज बदलतो. सगळा मुद्दा तो आहे.

आता एकेक पायरी बघू.

पहिला प्रश्न, माणूस कोण आहे? यासाठी गूगलवर आपल्या व्यवसायाची नोंद करा. ती फुकट असते. ग्राहक तुमच्याकडे येत असेल किंवा तुम्ही त्याच्यापर्यंत जात असाल, तर ही नोंद करता येते. नाव, फोन, वेळ, फोटो भरायचे. गूगल पडताळणी करतं, आपल्या केवायसीसारखीच. फ्लॅटमध्ये धंदा असेल आणि कुणी दारात येत नसेल, तर पत्ता न दाखवता 'या भागात सेवा देतो' असंही नोंदवता येतं. भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावं. नाव सगळीकडे एकच ठेवा. पाकिटावर एक, फेसबुकवर दुसरं आणि पैसे तिसऱ्याच नावाच्या खात्यात, असं दिसलं की शहाणा ग्राहक तिथेच थांबतो.

त्यानंतर व्हॉट्सअॅप बिझनेस. हे अॅप २०१८ साली आलं, तेही फुकट. यात मालाची यादी फोटो आणि किमतीसह लावता येते, म्हणजे दिवसातून वीस वेळा 'रेट काय?' याचं उत्तर टाइप करावं लागत नाही. एक नंबर एका वेळी साध्या किंवा बिझनेस यांपैकी एकाच अॅपवर चालतो, म्हणून धंद्याला वेगळं सिम घ्या. नातेवाईकांचे 'शुभ सकाळ' आणि ग्राहकांच्या ऑर्डरी एकाच ठिकाणी आल्या की ऑर्डर हरवते, बरं का!

ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. म्हणून पहिल्या पार्सलमध्येच एक चिठ्ठी टाका, 'पुढच्या हंगामाची खबर हवी असेल तर हा नंबर या नावाने सेव्ह करा.' आणि रोज उठून निरोप पाठवू नका. हंगामात चार निरोप पुरे.

दुसरा प्रश्न, माल खरा आहे का? इथे फोटो बोलतो. इंटरनेटवरचा चकचकीत फोटो उचलू नका, तो आणखी दहा जणांनी उचललेला असतो. स्वतःच्या बागेतला, सकाळच्या उजेडातला साधा फोटो घ्या. आंबा मार्चमध्ये विकायचा असेल, तर सुरुवात डिसेंबर-जानेवारीत मोहोरापासून करा. मग कणी धरली, मग काढणी, मग गवतातली आढी. तीन महिने ज्याने तुमचं झाड पाहिलं, त्याला आंबा कुठला हे वेगळं सांगावं लागत नाही. कार्बाइडने आंबा पिकवायला बंदी आहे, हेही ग्राहकाला ठाऊक असतं. म्हणून आपण कसा पिकवतो ते दाखवा.

शब्दही ग्राहकाचे वापरा. आपण 'आगळ' म्हणतो, पण शहरातला माणूस 'कोकम सरबत' असं शोधतो. मग आगळ मागवून त्यात साखर-पाणी घालतो आणि खारट लागलं म्हणून तक्रार करतो! म्हणून स्पष्ट लिहा : 'आगळ – मीठ घातलेला कोकमचा रस, सोलकढीसाठी. सरबतासाठी अमृत कोकम घ्या.' एवढ्या दोन ओळींनी निम्म्या तक्रारी कमी होतील.

कागदपत्रांची बाजूही इथेच येते. खाद्यपदार्थ घरून विकत असलात तरी अन्न सुरक्षा नोंदणी हवी. तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापा, शिवाय वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि आपला पत्ताही. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल, तर उलाढाल थोडी असली तरी नोंदणी लागते, तेव्हा आधी कर सल्लागाराला विचारा. बागायतदारांनी हापूसच्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवावं. मानांकन मिळालेल्या संस्थांमध्ये आपल्या दापोलीचं कृषी विद्यापीठही आहे.

तिसरा प्रश्न, शब्द पाळील का? ग्राहकांचे अभिप्राय म्हणजे इथले जामीनदार. माल पोचल्यावर दोन दिवसांनी विचारा, 'कसा निघाला?' चांगला म्हणाला तर गूगलवर दोन ओळी लिहायची विनंती करा. मेव्हण्या-भाच्यांकडून खोटे अभिप्राय लिहून घेऊ नका, ते लगेच ओळखू येतात. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका. 'फोटो पाठवा, खराब निघालेल्या फळांचे पैसे परत करतो,' असं सगळ्यांना दिसेल तिथेच लिहा. पाच आंब्यांचे पैसे जातील, पण ते उत्तर पुढे पन्नास जण वाचतात. किती दिवसांत तक्रार घेणार, हे मात्र आधीच लिहून ठेवा.

एकाच्या चुकीची किंमत सगळे भरतात, याचं मोठं उदाहरण आपण पाहिलेलं आहे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, कारण काही मालात फळमाशी सापडली होती. सापडली काहींच्या मालात आणि बंदी आली सगळ्यांवर. ती उठायला २०१५ साल उजाडलं. रत्नागिरी हे नाव आपल्या सगळ्यांचं सामायिक खातं आहे. एकाने उधळपट्टी केली की शिल्लक सगळ्यांची घटते.

आता पैशांच्या जाहिरातीबद्दल. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कुठल्या शहरात, कुठल्या वयाच्या लोकांना जाहिरात दाखवायची आणि रोज किती खर्च करायचा, ते आपण ठरवू शकतो. पण हिशेब ठेवा. समजा ३,००० रुपये घातले आणि १२ नवे ग्राहक आले, तर एक ग्राहक २५० रुपयांना पडला. पेटीमागे तुम्हाला २०० रुपये सुटत असतील, तर पहिल्या पेटीत ५० रुपये तोटा! पण तोच ग्राहक आणखी तीन वेळा आला तर चार पेट्यांचे ८०० रुपये, खर्च वजा जाता ५५० हातात. म्हणजे कमाई जुन्या ग्राहकात आहे. त्याचं नाव, पत्ता, काय आवडलं, हे साध्या वहीत लिहून ठेवा. फेसबुकचं खातं उद्या बंद पडू शकतं, वही आपली असते.

शेवटी एक कळकळीची सूचना. धंदा ऑनलाइन गेला की भामटेही येतात. कुणीतरी लष्करी अधिकारी म्हणून फोन करतो, मोठी ऑर्डर देतो आणि 'पैसे पाठवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो. पक्कं लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल पाठवू नका, आपल्या खात्यात जमा झाले का ते बघा. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

हे सगळं एकदम करू नका. या महिन्यात गूगलची नोंद, पुढच्या महिन्यात व्हॉट्सअॅपवरची यादी, मग फोटो. जाहिरात सगळ्यात शेवटी. आपल्या घरातली मुलं नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जातात. त्यांना मोबाईल येतो आणि आपल्याला माल येतो. दिवाळीला ती घरी आली की एक दुपार त्यांच्याबरोबर बसा. कदाचित त्यातल्या एखाद्याला वाटेल, की रत्नागिरीत राहूनही धंदा करता येतो.

ज्यांना नोंदणीत किंवा हिशेबात अडचण असेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावं. चहा आमच्याकडे, मोबाईल चार्ज करून तुम्ही आणा.