बिननावाची बटणे

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. पुढे चालकाची केबिन, मागे बिछाना, शेगडी, फ्रिज, मोरी. युरोपात अशा गाडीतून सुट्टीला निघणारी कुटुंबे पुष्कळ. नवी परवडत नाही म्हणून जुनी घेतात, आणि स्टिअरिंगजवळ पाच-सहा अशी बटणे दिसतात, ज्यांवर ना अक्षर ना चित्र.

याचे कारण या गाडीच्या जन्मात आहे. फियाटची डुकाटो १९८१ साली आली. तिच्यावर कितीतरी मोटरहोम बांधली गेली. केबिन आणि इंजिन एका कारखान्याचे, मागचे घर दुसऱ्याचे. पहिल्याच्या बटणांवर चित्रे असतात, ती जगभर बहुतेक सारखी. त्यासाठी आयएसओ २५७५ हे मानकच आहे. घर बांधणाऱ्याची बटणे मात्र वेगळी, त्यांचे माहितीपुस्तकही वेगळे, आणि नेमके तेच हरवलेले असते. शिवाय आधीच्या मालकाने हौसेने बसवलेली असतात ती निराळीच. त्याला ती पाठ होती. पाठ असलेल्या गोष्टीवर नाव कोण लिहितो?

माझी भाची ब्लॅकबर्नला असते. तिने अशीच गाडी घेतली आणि फोन केला, "मामू, सहा बटणं आहेत. दुसरं दाबलं, काहीच झालं नाही. बंद पडलेलं दिसतंय."

मी बाजारपेठेतल्या वायरिंगवाल्या चाचांना गाठले. त्यांनी मोटरहोम उभ्या जन्मात पाहिलेली नाही, पण ते लगेच म्हणाले, "काही दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं."

ते खरेच निघाले. या गाड्यांतला जुना फ्रिज तीन तऱ्हांनी चालतो: गॅसवर, घरगुती विजेवर आणि बॅटरीच्या १२ व्होल्टवर. त्यात कॉम्प्रेसर नसतो, म्हणून घरघर नाही, आवाजच नाही. आत फक्त एक तार तापते, आणि ती १० अँपिअरच्या आसपास वीज ओढते. इंजिन चालू असले तर हरकत नाही. गाडी उभी असताना वीज तोडणारा रिले बिघडलेला असेल, तर मात्र सकाळी बॅटरी संपलेली. आणि फ्रिज गॅसवर असेल तर आत उघडी ज्योत असते. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ती विझवावीच लागते.

चाचांनी सांगितलेली रीत अशी. किल्ली काढा. बटणामागची वायर फ्यूजपर्यंत शोधा. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पिवळ्यावर सहसा एखादा किरकोळ दिवा नसतो (आधीच्या मालकाने हाताला लागला तो फ्यूज कोंबला नसेल तर!). मग एका वेळी एकच बटण, एक माणूस बाहेर उभा, वही हातात. आधी किल्ली बंद ठेवून, मग किल्ली फिरवून, शेवटी इंजिन चालू करून, आणि तेही मोकळ्या जागेत, कारण धूर जीव घेतो. काही बटणांना इंजिन चालू झाल्यावरच वीज मिळते. तोवर ती मेल्यासारखी वाटतात.

दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या बटणाने दाराखालची पायरी सर्रकन बाहेर आली, जावयाच्या नडगीपासून वीतभर अंतरावर. पायरी बाहेर ठेवून गाडी हाकली असती तर फुटपाथवरच्या कुणाचे काय झाले असते! दुसरे फ्रिजचे. तिसरे मागच्या जादा दिव्याचे, चौथे कॅमेऱ्याचे, पाचवे दोन बॅटऱ्या जोडणारे.

भाचीने चिठ्ठ्या इंग्रजीत लिहिल्या आणि खाली मराठीतही, कारण तिची सासू पुढच्या सीटवर बसते आणि तिला इंग्रजी वाचता येत नाही. गॅसची चिठ्ठी लाल कागदावर. सहाव्या बटणाची वायर पत्र्यामागे कापलेली निघाली. त्यावरही तिने चिठ्ठी लावली: "कशालाही जोडलेले नाही. तपासले आहे."