फुकटचा नाश्ता



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘संगीतासाठी शहराची सहल’. विषय ऐसपैस आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे, ती आधीच सांगून टाकते. डिसेंबरात चेन्नईला गाणं ऐकायला जाणार असाल, तर भाड्यातच नाश्ता धरलेलं हॉटेल घेऊ नका. हे वाक्य मी पुन्हा म्हणणार आहे. या वेळेला घरोघरी कुकर लागलेले असतात, शिट्टीत कुणाचं ऐकायचं राहायला नको.

मार्गळीचा मोसम म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहेच. 1927 साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या जोडीने संगीत परिषद झाली, तिच्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी निघाली, आणि आता डिसेंबरातल्या या मोसमात मैलापूर, त्यागरायनगर, ट्रिप्लिकेन या भागांत पावलागणिक एक सभा. सभा म्हणजे भाषणांची नव्हे, गाण्याची. आम्ही पहिल्या वर्षी गेलो ते पार दक्षिणेकडे, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका बड्या हॉटेलात उतरलो. नाव कशाला घ्यायचं? हॉटेल चांगलंच होतं. पलंगावर सहा उशा, त्यातल्या चार झोपताना कुठे ठेवायच्या ते कळेना. नाश्ता सकाळी सात ते साडेदहा, भाड्यात धरलेला. आणि आमच्या ह्यांचं एक तत्त्व आहे. पैसे भरलेत ना? मग खाऊनच निघू.

आता अकादमीत सकाळी आठच्या सुमाराला सप्रयोग व्याख्यानं सुरू होतात. एखादा राग पूर्वी कसा गायचे, एकाच रचनेचे पाठ घराण्याघराण्यांत कसे बदलले, असं काहीबाही विद्वान माणसं सांगतात आणि सांगता सांगता गाऊन दाखवतात. प्रवेशाला एक पैसा नाही. चार दिवसांत आम्ही तिथे एकदा पोचलो, तेव्हा मंडळी उठून कॉफीकडे निघाली होती. का? तर हे ऑम्लेटच्या रांगेत उभे होते! घरी दोन पोळ्यांवर तिसरी न घेणारा माणूस, तिथे आधी पपई, मग उपमा, मग टोस्ट, मग परत पपई. पोंगलही होता बरं का. झाकणाच्या मोठ्या भांड्यात, खाली मंद ज्योत, वर वाळून पापुद्रा धरलेला. तोच पोंगल मैलापूरच्या एखाद्या मेसमध्ये पानावर पडतो तेव्हा आधी थरथरतो, मग सैलावतो, आणि कडेने तूप सुटतं. अख्खी मिरी दाताखाली येते. तो पोंगलही आम्हाला फुकटच्या नाश्त्यापायीच चुकला. म्हणून म्हणते, भाड्यात नाश्ता धरलेलं हॉटेल घेऊ नका.

एक उपमा देते. नाश्त्याचा नव्हे, तोंडी.

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला गेलेला जावई बघितलाय ना? त्याला पाटावर बसवतात, समई लावतात, अनारशांचं ताट पुढे करतात. तो झोपाळ्यावरून उठला की चारजण विचारतात, काही हवंय का? बिचाऱ्याला त्या गावातलं काय दिसतं? माजघर, झोपाळा आणि अनारसे. आता भाचा आजोळी येतो तेव्हा बघा. त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते. म्हणून तर तो विहिरीवर जातो, देवळामागे जातो, दुसऱ्याच्या झाडाचे पेरू खातो, आणि आठ दिवसांत गावातल्या कुत्र्यांचीसुद्धा नावं त्याला पाठ होतात. मामी त्याच्यावर ओरडते. पाय धुऊन ये म्हणते. पण रात्री त्याच्यासाठी भात झाकून ठेवते. बड्या हॉटेलात तुम्ही जावई असता. सहलीला गेलेल्या माणसाने भाचा व्हावं.

आणि गंमत अशी की दुसऱ्या वर्षी आम्हाला मामीच भेटली. कपालीश्वराच्या देवळाजवळच्या गल्लीत जुनं घर, वरच्या मजल्यावर चार खोल्या भाड्याने. मालकीणबाई सत्तरीच्या. तिकडेही अशा बाईला मामीच म्हणतात, नातं असो नसो. पलंगावर उशा दोनच. नाश्ता नाही. स्वच्छ सांगितलं, “ब्रेकफास्ट नो. कॉफी गिव्ह.” ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पहाटे देवळाच्या कर्ण्यावर तिरुप्पावै सुरू होतं. मार्गळीचा महिना आहे, संत कवयित्री आंडाळची तीस पदं, रोज एक. खाली मामी दारापुढे सडा घालून कोलम काढत असते. ठिपके न मोजता! पीठ चिमटीतून असं सुटतं की... असो. सहाला दारावर थाप. पेल्यात कॉफी, पेला दवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, आणि कॉफीबरोबर त्या दिवशीचा पेपर. कार्यक्रमांच्या रकान्यावर मामीने पेन्सिलीने खुणा केलेल्या असायच्या. श्रोतेहो, कुठल्या हॉटेलाच्या काउंटरवर हे मिळतं ते सांगा मला! तिथला मुलगा नम्रपणे सगळ्यात मोठ्या नावाचं सगळ्यात महाग तिकीट काढून देईल. मामी म्हणाली, संध्याकाळचं मोठं नाव कुठे पळत नाही, दुपारी एक मुलगी गाणार आहे, तिची तोडी ऐका. दुपारच्या मैफली बहुतेक ठिकाणी विनातिकीट असतात, नवे गायक त्या वेळेला गातात. मोठ्या हॉटेलातले लोक तेव्हा जेवून पडलेले असतात.

तर गेलो, मामीसुद्धा. आता तिकडची तोडी म्हणजे स्वर आपल्या भैरवीचे. त्या मुलीने तो राग उघडला आणि आमचे हे सवयीने पिशवी आवरून पायाने चपला चाचपायला लागले. भैरवी लागली म्हणजे संपलं ना! मामीने नुसतं बघितलं. पुढे तासभर ती तोडी चालली होती.

मामी शेजारी बसून मांडीवर ताल धरायची. आदिताल. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि हात उलटा, टाळी आणि हात उलटा. झाल्या आठ मात्रा. मी हात उलटा करायच्या जागी टाळी दिली की ती माझा हात धरून पालथ्याचा उताणा करायची, मान मंचाकडेच ठेवून. मैफलीत मृदंग आणि घटमवाल्यांची पाळी येते, त्याला तनि आवर्तनम् म्हणतात. त्या वेळेला निम्मं सभागृह उठून उपाहारगृहाकडे चालू लागतं. ही तिकडची जुनी खोड आहे, तिच्यावर तिथलेच लोक वर्षानुवर्षं चिडत आलेत. आम्हीही उठायला लागलो. मामीने पदर ओढला. बसा. वडा कुठे जात नाही.

आणि सभेचं उपाहारगृह! त्यावर मला खरं तर वेगळी दहा मिनिटं हवी होती. मोसमापुरते मांडव पडतात, नामांकित आचारी ते चालवतात, आणि गाण्याकडे पाठ फिरवून नुसतं जेवायला येणारी मंडळीही असतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पान मांडलं जातं, समोर अनोळखी माणूस बसतो, आणि सांबार वाढून होईपर्यंत तुमचं कालच्या गायिकेवरून भांडण सुरू झालेलं असतं. आमच्या शेजारी एकदा एक गृहस्थ रवा डोसा खात होते. हे त्यांना म्हणाले, आजचा घटमवाला जरा जास्तच वाजवतो, नाही? गृहस्थांनी डोसा संपवला, हात पुसले आणि म्हणाले, तो मीच. असं पंचतारांकित भोजनगृहात घडेल? तिथे घटमवाला आला तरी टेबलं दूर असतात.

पुन्हा सांगते, कारण माझ्या वहिनीला तीनदा सांगूनही तिने यंदा तेच केलं. नाश्ता धरलेलं घेऊ नका. तो फुकट नसतो, आणि पैशापेक्षा महाग म्हणजे त्यात सकाळ जाते.

आता कुणी म्हणेल, लहान ते सगळं गोड असतं का? मुळीच नाही. ओल आलेल्या गादीला ‘जुन्या काळची खोली’ म्हणून विकणारेही मी पाहिलेत. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट असलेलं हॉटेल घ्या, लाजू नका. फक्त फोनवर एवढं विचारा की सभागृहापर्यंत पायी किती वेळ लागतो, आणि रात्री दार किती वाजता लावता. मैफल नवाला संपते, त्यानंतर डोसा असतो, आणि मामीच्या दाराला दहाला आतून कडी लागायची. एकदा आम्ही सव्वादहाला आलो. ओरडली. तमिळमध्ये ओरडली, पण मला सगळं कळलं. मग दहीभात काढून दिला. भाचा म्हटलं ना मी मघाशी...

काचेपलीकडून बोटं दाखवतायत, दोन मिनिटं. मग तंजावरचं राहणार. आपल्या मोरगावकर बुवांचं कीर्तन तंजावरात ऐकून तिथल्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं, आणि त्या हरिकथेत आपली साकी, आपली दिंडी अजून ऐकू येते. मामीच्या आईला साक्या पाठ होत्या, अर्थ न कळता. तो भाग मोठा आहे, पुन्हा कधी बोलावलंत तर. आणि मैफलीच्या शेवटी हल्ली अभंग असतोच. अरुणा साईराम, रंजनी-गायत्री, या मुंबईत वाढलेल्या बायका. विठ्ठल आला की सभागृह टाळ्या धरतं, आणि तेवढ्या वेळापुरती माझी टाळी बरोबर पडते, तेव्हा मामी माझ्याकडे बघते.

तिकिटांचं सांगायचं राहिलं. अकादमीची रोजची तिकिटं खिडकीवर मिळतात, रांग सकाळी लागते, म्हणजे पुन्हा नाश्त्याच्याच वेळेला. बघा! हां, आणि छत्री न्या. डिसेंबरात तिकडचा पाऊस पुरता गेलेला नसतो. मामीकडे एक असायची, काळी, लांब दांड्याची, पण ती हे गेल्या वर्षी सभेत विसरून आले, आणि तेव्हापासून मामी ह्यांना...