केबलचा धूर आणि म्हशीचं दूध

भोकरदनकडच्या श्रोत्यांचा एक प्रश्न सारखा येतो. पाणबुडी मोटारीची जुनी केबल शेतातच जाळली, तर धूर वर जातो. मराठवाड्याच्या उन्हात तो विरूनच जातो ना, मग बिघडलं कुठं?

विरणं वेगळं आणि मोडणं वेगळं.

हवेची सफाई मुख्यतः हायड्रॉक्सिल नावाचा रेणू करतो. ओझोनवर अतिनील किरण पडले की सुटलेला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेला भिडतो आणि हायड्रॉक्सिल तयार होतो. तो सेकंदभरही टिकत नाही, पण तेवढ्यात भेटेल त्या रेणूवर तुटून पडतो. ऊन लागत असल्यामुळे त्याचं काम प्रामुख्यानं दिवसाचं. लाकडाच्या धुरातले बरेच वायू तो काही तासांत किंवा दिवसांत मोडतो. रेणूला क्लोरीनचे अणू जितके जास्त चिकटलेले, तितकं मात्र त्याचं काम रेंगाळतं. हेक्झाक्लोरोबेन्झीन तर हवेत वर्षाहूनही अधिक काळ टिकतं. अशा चिवट विषांवर 2001 साली स्टॉकहोम करार झाला आणि 2006 मध्ये भारत त्यात सामील झाला.

आता केबल बघा. वरचं आवरण पीव्हीसीचं, म्हणजे त्यात क्लोरीन. आत तांबं. धुमसत्या जाळात डायॉक्सिन नावाचं असंच चिवट विष तयार होतं आणि तांबं त्या घडणीला हातभार लावतं. स्टॉकहोम करारात तांब्याच्या केबल अशा धुमसत जाळण्याचा वेगळा उल्लेख आहे, तो त्यामुळेच. हे डायॉक्सिन बरंचसं काजळीला चिकटून बसतं. काजळीच्या आत हायड्रॉक्सिल सहज पोचत नाही. ती काजळी खाली बसते कडब्यावर, बांधावरच्या गवतावर. म्हैस ते खाते. डायॉक्सिन चरबीत साठतं आणि दुधाच्या स्निग्धांशातून घरात येतं. माणसाच्या शरीरात जाणारं 90 टक्क्यांहून अधिक डायॉक्सिन अन्नातूनच जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीरात त्यातलं निम्मं कमी व्हायलाच 7 ते 11 वर्षं लागतात.

म्हणून केबल जाळू नका. थोडीशीही नको, शेताच्या कडेलाही नको, रात्री तर नकोच. आणि हे काम बहुतेक घरांत पोराला सांगतात, "जा रे, तेवढं तांबं काढून आण." अहो, तांब्याचे पैसे किती येणार? तेवढ्यासाठी लेकराला त्या धुरात उभं करायचं? इटलीत सेवेसोला 1976 मध्ये कारखान्यातून डायॉक्सिन सुटलं, तेव्हा कोंबड्या-ससे मेले आणि मुलांच्या चेहऱ्यांवर चट्टे उठले. तो अपघात होता. इथं काडी आपणच लावतो.

पीव्हीसी पाइपांचे तुकडे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या यांनाही हेच लागू. मिरचीचा मल्चिंग पेपर गोळा करून भंगारात द्यावा.

आणि विष मोडलं म्हणजे निर्विष झालं, असंही नाही. कपाशीवर फवारलं जाणारं एंडोसल्फान हे कीटकनाशक 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. त्यापासून बनणारं एंडोसल्फान सल्फेटही विषारीच आणि मातीत मूळ एंडोसल्फानपेक्षा जास्त टिकणारं.

मग तांबं काढायचं कसं? केबलचं आवरण चाकूनं सोलता येतं. वेळ लागतो, पण तांबं काळं पडत नाही. सोलायला सवड नसेल, तर केबल आहे तशीच भंगारवाल्याला द्या आणि देताना एवढं विचारा, "जाळणार तर नाही ना?" जाळणार म्हणाला, तर दुसरा भंगारवाला गाठा.