पेडर रोडचा चढ

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. 2004 साली ही शर्यत सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटर.

साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी गाव. तिथल्या ललिता बाबर यांनी 2012 ते 2014 अशी सलग तीन वर्षं या शर्यतीत भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला. पुढे 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. 2017 ला मुंबईत भारतीय महिलांत पहिल्या आल्या परभणीच्या ज्योती गवते. मोठ्या शहराच्या शर्यतीत गावाकडच्या मुली पुढे, हे मला फार आवडतं.

या शर्यतीत धावणारे धास्ती घेतात ती वाटेतल्या पेडर रोडच्या चढाची. तसा तो चढ मोठा नाही. आपल्या घाटरस्त्यांपुढे तर काहीच नाही. पण येतो परतीच्या वाटेवर, तिसाव्या किलोमीटरनंतर. तोवर स्नायूंतला साखरेचा साठा संपत आलेला असतो, पाय जड होतात. त्यात किनाऱ्याची दमट हवा, घाम वाळतच नाही. म्हणून तर ही शर्यत पहाटे सुटते.

आपल्या संगमेश्वरातून कुणी ही शर्यत धावायला जाणार असेल, तर एक लक्षात ठेवा. छातीवरचा क्रमांक शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, तो मुंबईत आधी जाऊन घ्यावा लागतो. तेव्हा शनिवारच्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नका, शुक्रवारीच निघा.