चित्रं लावायला भिंत



हिंगोलीकराला ‘प्रदर्शन’ म्हटलं की रामलीला मैदानावरची दसऱ्याची प्रदर्शनीच आठवते. आकाशपाळणे, दुकानं आणि धूळ! चित्रांचं प्रदर्शन मात्र शाळेत असताना आपल्याला कधी पाहायला मिळालं नाही. चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची परीक्षा. निकाल लागला की कागद माळ्यावर.

म्हणून आज एका इमारतीबद्दल सांगते. पणजीत मांडवीच्या काठी आदिलशहाचा राजवाडा आहे, पांढऱ्या भिंतींचा, कौलारू. विजापूरच्या युसूफ आदिलशहाचा हा वाडा १५१० साली पोर्तुगीजांकडे गेला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयच तिथे राहायला आला. आपण १९४८ साली निजामाच्या राज्यातून सुटलो, गोवा सुटायला १९६१ उजाडलं. त्यानंतर याच वाड्यात सचिवालय आणि विधानसभा होती. भाऊसाहेब बांदोडकरांनी कारभार केला तो इथूनच. कोकणी की मराठी या वादात १९८७ चा राजभाषा कायदा मंजूर झाला, तोही इथेच. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली.

सुलतान, व्हाइसरॉय, मंत्री. पावणेपाचशे वर्षांहून जास्त काळ या दारातून साधा माणूस आत गेला तो मुजऱ्याला नाही तर अर्ज घेऊन. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनं तिथे भरू लागली आणि माणसं नुसती बघायला आत जाऊ लागली. मीही गेले. सगळं कळलं असं नाही. एकदोन मांडण्यांपुढे तर मला हसूच आलं. पण माझ्या शेजारी दप्तर पाठीला लावलेली शाळकरी मुलं उभी होती आणि ती आपसांत जोरजोरात भांडत होती, की हे चित्र आहे की नाही. त्यांना कुणी गप्प बसवलं नाही. आपल्याला नववीत असं भांडायला मिळालं असतं तर!

आमच्या धंद्यात जुनी यंत्रणा मोडीत काढण्याआधी तिच्यावर आणखी काय चालेल ते बघतात. आपल्या शाळेचा जुना हॉल सध्या मोडक्या बाकांचं कोठार झालाय. तिथे राजवाडा नाही, नदी नाही, पण चार उंच भिंती आहेत आणि उजेड भरपूर आहे. परीक्षेला बसणाऱ्या मुलांची चित्रं दरवर्षी आठवडाभर तिथे लावू या, गावाला दार उघडं ठेवून.

बाकं हलवायला आपली बॅच येईल. रंगाचा खर्च माझ्याकडे. खिळे ठोकायची परवानगी तेवढी मुख्याध्यापकांनी आजच द्यावी.