टॅपेटचा आवाज



वैशाखांत पारा पंचेचाळिसाशीं खेळत असतां धुळ्याहून पारोळें, एरंडोल करीत जळगांवास पोहोंचलेल्या बुलेट मोटारसायकलीच्या इंजिनांतून ‘टक् टक्’ असा आवाज येऊं लागतो. मालक गॅरेज गांठतो आणि म्हणतो, “मिस्तरी, टॅपेट वाजतंय, जरा सेट करून द्या.” कांहीं गाड्यांच्या बाबतींत ही मागणी रास्त असते, कांहींच्या बाबतींत मात्र सेट करण्याजोगें आंत कांहीं नसतेंच.

इंजिन तापलें कीं झडपेचा दांडा लांबतो. त्यास जागा न ठेवल्यास झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नाहीं. जळका वायु बाहेर सोडणारी झडप आपली उष्णता बैठकीलाच देत असते. टेकणेंच खुंटलें कीं ती करपते आणि इंजिनाचा दाब निघून जातो. म्हणून वाजणारें टॅपेट एक वेळ पत्करलें, घट्ट बसलेलें नको. तें मुकाट्यानें घात करतें. मुकें इंजिन तेवढें निरोगी, ही समजूत आपल्याकडे उगाच रूढ झाली आहे.

इ. स. १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागलेल्या जुन्या बुलेटींत हें काम मिस्तरीच्या बोटांवर चाले. इंजिन थंड असावें, दट्ट्या दाबाच्या फेरीच्या अखेरीस माथ्यावर असावा, दोन्ही झडपा मिटलेल्या असाव्यात. मग पुशरॉड बोटांनीं सहज फिरावा, पण वर-खालीं हलूं नये, इतपत स्क्रू फिरवावयाचा. लॉकनट आंवळतांना माप हटकून बदलतें. म्हणून आंवळल्यावर पुशरॉड पुन्हां फिरवून पाहणारा मिस्तरीच खरा.

२००८ सालीं थंडरबर्डमध्यें आणि मागाहून क्लासिक व बुलेटमध्यें हायड्रॉलिक लिफ्टरचें इंजिन आलें. ही युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंतील कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या मोटारींत ती १९३० सालींच होती. पोकळ नळकांड्यांत एक लहान दट्ट्या, त्याखालीं स्प्रिंग आणि तेल आंत घेऊन परत न सोडणारी बारीक गोळी, एवढाच त्याचा संसार. तेल दाबलें जात नाहीं, म्हणून कॅमचा धक्का जसाच्या तसा वर पोहोंचतो. दांडा लांबला तर थेंबभर तेल झिरपून जागा होते. अमेरिकन मोटारींच्या कांहीं इंजिनांत या लिफ्टरवरही नट असतो. परंतु तेथें फट न ठेवतां उलट ठरीव दाब द्यावयाचा असतो. बुलेटच्या या इंजिनांत तोही नट नाहीं.

तेव्हां अशा गाडीचा आवाज ऐकून प्रथम तेल पाहावें. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीं कांहीं क्षण वाजली तर चिंता नको. आवाज टिकला तर इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावें, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, तेल खालीं उतरल्यावर कांचेंतून पातळी पाहावी. तेल कमी, मळलेलें वा फेसाळलेलें असेल तर लिफ्टर पोकळ पडतो, कारण फेंसांतील हवा दाबली जाते. ठरवून दिलेलें १५डब्ल्यू-५० तेल आणि नवा फिल्टर घालूनही टकटक राहिली, तरच लिफ्टरवर संशय घ्यावा. पुष्कळदां हे नवे लिफ्टर विनाकारण विकत घेतले जातात.

मात्र गाडीचें साल विचारल्यावांचून हा नियम लावूं नये. २०२० सालच्या मीटिऑरमध्यें आणि २०२३ पासून बुलेटमध्येंही जें नवें इंजिन बसविलें, त्यांत स्क्रू परत आला आहे. आणि फीलर गेजही पेटींतून पुन्हां बाहेर निघालें आहे.