एका बाटलीची चौकशी

परवा धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी ओळखीची एक ताई, कडेवर नात. लस टोचलेल्या मांडीला गाठ आली होती, रात्रभर ताप होता. ताई वैतागून म्हणाली, "टोचणाऱ्या बाईवर केस ठोकायला पाहिजे. आणि लस बनवणाऱ्यालाही आत टाका!"

असा ताप बहुतेक वेळा एकदोन दिवसांत उतरतो, हे मी तिला सांगितलं. पण तिचं दुसरं वाक्य डोक्यातून जाईना. असं एकदा जवळजवळ झालेलं आहे, आणि तेही आपल्या मुंबईच्या लशीवरून.

परळची हाफकिन संस्था तुम्ही ऐकून असाल. ज्यांच्या नावाची ती संस्था, ते वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या प्लेगात मुंबईला आले. तीनेक महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली.

मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. मरणारी माणसं खरी होती, घरं खरी होती. चौकशी व्हायलाच हवी होती. पण चौकशीने मुंबईच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवलं आणि हाफकिन यांना कामावरून दूर केलं. खटला झाला नाही, तरी डाग लागलाच. खरं काय होतं? गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. त्याच दिवशी बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. पाच वर्षं गेली. आणि प्लेग काही त्यांच्यासाठी थांबला नव्हता.

शंभर वर्षांनी अमेरिकेत पुन्हा प्लेगच. थॉमस बटलर हे प्लेगच्या औषधांवर काम करणारे डॉक्टर. २००३ च्या जानेवारीत जंतूंच्या ३० कुप्या सापडत नाहीत, असं त्यांनीच कळवलं. पोलीस आले, अटक झाली, ६९ आरोप लागले. ४७ सिद्ध झाले, त्यातले बरेचसे पैशांच्या व्यवहाराचे. टांझानियाला परवान्याशिवाय नमुने पाठवल्याचाही दोष ठरला. दोन वर्षांची शिक्षा झाली. नियम मोडले असतील तर जबाबदारी त्यांचीच, मी नाही म्हणत नाही. पण कुपी हरवली हे सांगणाऱ्याच्याच हातात बेडी पडली, तर पुढचा संशोधक सांगेल का? सूनबाईंच्या हातून दूध उतू गेलं की घरभर आरडाओरडा होत असेल, तर ती पुढच्या वेळी गुपचूप ओटा पुसून टाकते.

२०२२ ला आपल्या भिवंडीत गोवर पसरला होता, आठवतंय ना? अशा वेळी लस बनवणारा, तपासणारा आणि चूक कळवणारा, तिघेही लागतात.

मी ताईला म्हटलं, कार्ड जपून ठेव. ताप उतरला नाही, बाळ सुस्त पडलं, झटका आला, तर वाट बघू नकोस, लगेच दवाखान्यात ने, आणि लस कुठल्या दिवशी, कुठे दिली ते आशाताईला सांग. बाटलीचा बॅच नंबर त्यांच्याकडून शोधता येतो.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. गाठ बसली होती. पुढचा डोस कधी, ते विचारत होती.